रांगेतले दत्तमहाराज

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



वार्षिकासाठी काहीतरी लिहा, असं विश्वस्त मंडळी दोन वर्षं सांगत होती आणि मी टाळत होतो. मी कीर्तनकार नाही, शास्त्री नाही. बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजले. पोथी वाचतो ती श्रद्धेनं, पण अर्थ सांगायचा अधिकार मला नाही. तरी या वर्षी लिहायला बसलो त्याला कारण घडलं. गुरुवारच्या आरतीनंतर आपण चार-सहा म्हातारे कट्ट्यावर बसतो. तिथं आमचे एक स्नेही म्हणाले, "मुलानं फोनवर बजावलंय, अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही, रस्त्यात कुणी बोललं तर थांबायचं नाही. दिवस वाईट आहेत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी येताना मात्र डोक्यात भुंगा लागला. आपण ज्या देवाचे भक्त म्हणवतो, तो देव तर आयुष्यभर अनोळखी म्हणूनच दुसऱ्याच्या दारात उभा राहिला!

आठवून बघा. अत्रिऋषी बाहेर गेलेले, अनसूयामाता आश्रमात एकटी, आणि दारात तीन अनोळखी अतिथी. मागणी तरी कसली, तर विवस्त्र होऊन वाढ. आजच्या भाषेत पोलिसांना फोन करावा अशीच ती मागणी. माउलीनं ना अतिथीला हाकललं, ना आपलं शील सोडलं. तिनं त्यांची बाळं केली आणि मग वाढलं. आपण दत्तजयंतीला पाळणा हलवतो तो त्या बाळांचा. आणि पुढंही महाराजांचा दिनक्रम कसा? स्नान काशीला, भिक्षा करवीरला, निद्रा माहूरला. ज्याच्या पायाशी कामधेनू उभी, त्याला कोल्हापुरात झोळी घेऊन फिरायची गरज काय? मला तर वाटतं, कुणाच्या घरात काय शिजतंय यापेक्षा कुणाच्या मनात काय शिजतंय, हे बघायलाच ती झोळी असावी.

नाथमहाराजांची कथा आपण ऐकलेली आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना दत्तमहाराज मलंगाच्या वेषात आले, असं परंपरा सांगते. बरोबर कामधेनू, तीही कुत्रीच्या रूपात. गुरूंनी ओळखलं, शिष्याला मात्र वेष आड आला. एकनाथांसारख्याला वेष आड येतो, तिथं तुमची-माझी काय कथा! पण तेच नाथ पुढं इतके पालटले की रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतून मोकळे झाले.

आता माझी गोष्ट सांगतो. ती माझ्या मोठेपणाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

२०१६ चा नोव्हेंबर आपण कुणीच विसरलेलो नाही. ८ तारखेच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, ९ ला बँका बंद होत्या आणि १० ला सकाळी शटर वर केलं तेव्हा रांग पार कोपऱ्यावरून वळलेली. निर्णय बरोबर की चूक, तो या अंकाचा विषय नाही. मी कॅश काउंटरला होतो आणि निवृत्तीला तीन महिने राहिले होते. त्या दिवसांत दोनदा चहा मिळाला तरी नशीब. ज्याचं खातं नाही त्यालाही जुन्या नोटा बदलून द्यायच्या होत्या, एका माणसाला चार हजारांपर्यंत. फॉर्म भरायचा, ओळखपत्राची झेरॉक्स जोडायची आणि नोटा घ्यायच्या.

त्या रांगेबद्दल लोक शिव्याशापच जास्त सांगतात. मी काउंटरच्या आतून जे बघितलं तेही सांगायला हवं. पहिले दोन दिवस भांडणं झाली. तिसऱ्या दिवसापासून रांगेला जणू घरपण आलं. म्हाताऱ्यांना कट्ट्यावर बसवून त्यांच्या चपला रांगेत ठेवल्या जात आणि माणसं पुढं सरकताना त्या चपलाही पायानं पुढं सरकवत. कॉलेजातली दोन पोरं पेन घेऊन दिवसभर लोकांचे फॉर्म भरत बसायची. त्यांचं आमच्या बँकेत खातंसुद्धा नव्हतं. समोरच्या टपरीवाल्यानं वही घातली होती, ज्याच्याकडं सुट्टे नाहीत त्याचा चहा त्या वहीत. नावं लिहायचा तो, पण त्यातले निम्मे लोक त्याला परत कधी दिसणार नव्हते. "बुडतील की रे तुझे," मी म्हणालो. तर म्हणाला, "साहेब, चहाच हाय, सोनं नाही."

रविवार होता, १३ तारीख. त्या आठवड्यात शनिवार-रविवारीही बँका चालू ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सोमवारी गुरुनानक जयंतीची सुट्टी. दुपारचे तीन वाजले असतील. खिडकीशी एक म्हातारी आली. नऊवारी लुगडं, हातात पदराच्या गाठीतून सोडलेल्या पाचशेच्या तीन नोटा. फॉर्म त्या पोरांनी भरून दिलेला होता, पण ओळखपत्र नव्हतं.

"आजी, आधार कार्ड?"

"घरी राह्यलं बाबा. घाईघाईत पोरीला घिऊन आले. शिव्हिलला हाये, शिझरिन झालं."

"ओळखपत्राशिवाय जमणार नाही. नियम आहे."

"औषिदवाला घेतोय रं ह्या नोटा. जेवणवाला घेत न्हाई. पोरीला काय घालू खायाला?"

बरोबरच होतं तिचं. औषधाच्या दुकानात चिठ्ठी दाखवली तर जुन्या नोटा चालत होत्या, एस.टी.त चालत होत्या, पण खाणावळवाला कशाला घेईल? मला सगळं कळत होतं. पण मागे दीडशे माणूस उभा, पोटात सकाळपासून अन्न नाही, आणि मी म्हणालो तेच, जे पस्तीस वर्षं दिवसातून दोनशे वेळा म्हणत आलो होतो: "पुढचा!"

पुढचा म्हणजे तिच्या मागं उभा असलेला एक पोरगा. वीस-बावीसचा. शर्टाला तेलाचा वास. नंतर कळलं की एका हॉटेलात भट्टीवर असतो. त्याच्या फॉर्मवर चार हजार लिहिलेले, हातात पाचशेच्या आठ नोटा. त्यानं म्हातारीच्या हातातल्या तीन नोटा घेतल्या, आपल्यातल्या तीन काढून खिशात घातल्या आणि आठ नोटा माझ्यापुढं सरकवल्या. "साहेब, ह्यात घ्या. आठच हायेत."

मी त्याच्याकडं बघितलं. "अरे, तुझ्या तीन राहिल्या की. खातं आहे का कुठं?"

"गावाकडं हाये, जालन्याच्या पुढं. दिवाळीला जायचं राह्यलंच होतं, आता ह्या निमतानं जाईन."

हॉटेलातल्या पोराला सुट्टी म्हणजे काय असते, ती सुट्टी मागायला काय ऐकून घ्यावं लागतं, आणि गावाला जायचं-यायचं भाडं पंधराशेच्या तुलनेत किती होतं, याचा हिशेब मी काउंटरवर बसल्या बसल्या केला. हिशेब करायचीच सवय. त्यानं तो केला नाही.

दुसऱ्याच्या नोटा आपल्या फॉर्मवर बदलून घेणं नियमात बसत होतं का? बसत नव्हतं. आता निवृत्त आहे म्हणून लिहितो. मी एवढंच केलं की दोन हजारांची नवी नोट न देता सगळे पैसे शंभराच्या नोटांत दिले. नवी नोट दिली असती तर तिची मोड कुठंच मिळाली नसती आणि दोघंही अडकले असते. त्यानं पंधरा नोटा मोजून म्हातारीच्या ओंजळीत ठेवल्या. तिनं नाव विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि गेली.

आता मुख्य गोष्ट. त्या वेळी माझ्या शर्टाच्या खिशात शंभराच्या तीन नोटा होत्या. संध्याकाळी भाजी आणि गॅसवाल्यासाठी ठेवलेल्या. मी काउंटरबाहेर येऊन त्यातली एक तिच्या हातावर ठेवू शकलो असतो. सुचलंच नाही असं म्हणालो तर खोटं होईल. सुचलं होतं. पण त्या दिवसांत शंभराच्या नोटेला जी किंमत आली होती ती आपण सगळ्यांनीच अनुभवली आहे. मी खिशावर हात ठेवून "पुढचा" म्हणालो. कॅश संध्याकाळी पैशापर्यंत जुळली. मी मात्र जुळलो नाही.

महिन्याभरानं दत्तजयंतीच्या सप्ताहात पहाटे उठून गुरुचरित्राच्या पारायणाला बसलो. दुसऱ्या दिवशी अठरावा अध्याय आला. अमरापूरच्या त्या गरीब ब्राह्मणाची कथा मी तरुणपणापासून वाचत आलो आहे. दारात घेवड्याचा वेल. ज्या दिवशी कोरान्न मिळणार नाही त्या दिवशी त्या शेंगांवर घर चालायचं. श्रीगुरू नृसिंहसरस्वती भिक्षेला आले, घरात दुसरं काहीच नाही, तर तीच शेंगांची भाजी वाढली. महाराज तृप्त होऊन निघाले आणि जाता जाता तो वेलच मुळापासून तोडून टाकला. बायको रडायला लागली. नवरा म्हणाला, ईश्वराची इच्छा. मग मूळ खणताना धनाचा कुंभ सापडला.

इतकी वर्षं माझं सगळं लक्ष त्या कुंभाकडं असायचं. बँकेतला माणूस, दुसरं काय बघणार! त्या पहाटे पहिल्यांदा लक्षात आलं की वेल तुटणं आणि कुंभ सापडणं यांच्यामध्ये थोडा वेळ गेला आहे. त्या वेळात त्या घरात उद्याच्या जेवणाची सोय नव्हती. आणि त्या वेळातही त्या माणसानं दारात आलेल्याला दोष दिला नाही. हॉटेलातला तो पोरगा त्या मधल्याच वेळात उभा होता. त्याला कुंभ सापडला की नाही, मला ठाऊक नाही. नसावा. त्या पानावर माझी पोथी बराच वेळ उघडी राहिली.

आपल्या घराण्यात दुसऱ्यांची किती उचल आहे हे आपण विसरतो. माझे वडील पाथर्डी तालुक्यातून इंग्रजी शिकायला नगरला आले ते वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. नात्याचे कुणी नव्हते. ते वार तेव्हा जात बघूनच मिळायचे, हेही खरंच आहे, त्यावर पांघरूण कशाला घाला? त्यांना सहाच वार मिळाले, बुधवार मोकळा. बुधवारी पाणी पिऊन शाळेत जायचे. रस्त्यात एक भडभुंज्या बसायचा. त्यानं दोन-तीन बुधवार हे पोर घुटमळताना बघितलं आणि चौथ्या बुधवारी हाक मारून मूठभर फुटाणे खिशात घातले. जात विचारली नाही, नाव विचारलं नाही, पैसे मागितले नाहीत. मॅट्रिक होईपर्यंत ते चाललं. वडील गेले तोपर्यंत आमच्या घरी दर बुधवारी फुटाणे यायचे आणि वडील ते रस्त्यातल्या कुणाही पोराला द्यायचे. आम्हाला लहानपणी त्यांची लाज वाटायची.

आमच्या बँकेच्या भाषेत सांगतो. रक्कम आली, पण ती कुणाच्या नावे जमा करायची हे कळत नाही, तेव्हा ती सस्पेन्स अकाउंटला टाकतात. वडिलांनी त्या भडभुंज्याचं देणं तसंच ठेवलं होतं. ज्याचं घेतलं त्याला परत करणं शक्य नव्हतं, म्हणून ते भलत्याच नावांना जमा करत राहिले. हिशेबनीसाच्या दृष्टीनं हा घोटाळाच आहे. पण अवधूतांचा हिशेब बघा. यदुराजानं विचारलं, एवढा आनंदी कसा तू? तर भागवतातल्या त्या अवधूतानं चोवीस गुरू सांगितले. त्यात पृथ्वी आहे, मधमाशी आहे, अजगर आहे, बाण करणारा लोहार आहे, पिंगला वेश्या आहे. यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की आपण कुणाचे गुरू झालो. एकानंही दक्षिणा घेतली नाही. मग ती फेडायची कुठं? पृथ्वीकडून अवधूत काय शिकले, तर दुसऱ्यासाठी असणं. म्हणजे परतफेडीचा पत्ता तिथंच लिहिलेला आहे.

आपल्या जिल्ह्याला तर या बाबतीत कशाचीच वाण नाही. शिर्डीत साईबाबांनी, ज्यांना कित्येक भक्त दत्तावतार मानतात, १९१८ साली देह ठेवेपर्यंत भिक्षा मागितली. आणलेल्या भाकरीवर कुत्री-मांजरं बिनधास्त तोंड टाकायची. स्वतः हंडी शिजवून येईल त्याला वाढायचे, हंडीत हात घालून ढवळायचे असंही सांगतात. ज्या अहिल्यादेवींचं नाव आता शहराला आणि जिल्ह्याला मिळालं, त्या आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. राज्य माळव्यात, पण घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या पार काशी-गयेपर्यंत. त्या विहिरीचं पाणी पिणारा कोण, कुठला, त्याचा सारा आपल्या खजिन्यात येतो का, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. आणि अगदी आजचं उदाहरण हवं तर शिंगव्याला जाऊन या. डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे या दांपत्याचं माउली सेवा प्रतिष्ठान तिथं आहे. रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या, मनाचा तोल गेलेल्या बायकांना त्यांनी तिथं घर दिलं, आज तिथं शेकडो जणी आणि त्यांची मुलं आहेत. पण सुरुवात कशानं झाली? रस्त्यावरच्या अशा माणसांना घरून डबा नेऊन देण्यानं. ती माणसं तेव्हा आपणही बघत होतो. नाक दाबून, गाडीचा हॉर्न वाजवून पुढं जात होतो.

एक गोष्ट मला नेहमी खटकते. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरीला जाताना नगरातून जाते. त्या दिवशी काय आपला उत्साह! ओळख ना पाळख, वारकऱ्याला घरात घेतो, आंघोळीला पाणी तापवतो, पाय चेपतो, माउली म्हणतो. अगदी मनापासून म्हणतो, त्यात ढोंग नाही. पण तोच म्हातारा दोन महिन्यांनी, गळ्यात टाळ नसताना, माळीवाडा स्टँडवर आपल्याला पारनेरची गाडी कुठं लागते विचारतो, तेव्हा आपण चालता चालता म्हणतो, "पुढं विचारा." हे "पुढं" आणि माझं "पुढचा" ही सख्खी भावंडं आहेत.

आता कट्ट्यावरच्या स्नेह्यांच्या काळजीबद्दल. ती खोटी नाही. एकट्या-दुकट्या म्हाताऱ्यांना फसवणारे आहेत, फोनवर गोड बोलून खातं साफ करणारे आहेत. बँकेतला माणूस म्हणून हात जोडून सांगतो, कुणालाही ओटीपी देऊ नका, एटीएमचा पिन सांगू नका, देवाच्या नावानं मागितला तरी देऊ नका. पण पाणी द्या. ओटीपी आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनसूयेनं तेच तर केलं. अतिथीची भलती अट तिनं जशीच्या तशी पाळली नाही, पण त्याला उपाशीही घालवलं नाही. गेल्या मे महिन्यात सावेडीत आमच्या दाराशी पार्सलवाला मुलगा आला. पार्सल शेजारच्यांचं होतं आणि शेजारी गावाला गेलेले. चार जिने चढून आलेला, घामानं निथळत होता. जाळीच्या दारातूनच त्यानं पाणी मागितलं. मी दार उघडलं नाही. बाटली आणून जाळीच्या फटीतून द्यायला बघू लागलो, तर ती जाईना. शेवटी सौ. आतून आली, मला बाजूला सारलं, दार उघडलं आणि तांब्या-भांडं पुढं केलं. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहून प्यायला, तांब्या अर्धा संपवला, "थँक्यू काकू" म्हणाला आणि धडधडत खाली गेला. सौ. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणजे २०१६ नंतर मी फार सुधारलो, असा कुणी समज करून घेऊ नका. खिशावर हात जातोच. फरक एवढाच की आता गेला तर कळतं.

आणि सत्कर्माची जाहिरात करू नये, असंही मला वाटतं. हिवाळ्यात ब्लँकेट वाटणाऱ्या मंडळींबरोबर एकदा स्टेशनवर गेलो होतो. झोपलेल्या माणसाला उठवून, ब्लँकेट हातात धरायला लावून, दहा जणांनी फोटो काढला. तो बिचारा अर्धवट झोपेत हात जोडत होता. ब्लँकेट चांगलं होतं, जाड होतं, त्याला नावं ठेवत नाही. पण श्रीगुरूंनी वेल तोडला तेव्हा कुंभाचा उच्चारही केला नाही, निघून गेले. देणाऱ्यानं कसं निघून जावं, हेही त्या अध्यायात आहे.

दत्तजयंतीच्या महाप्रसादाला गेली काही वर्षं मी वाढायला न जाता बाहेरची रांग सांभाळायचं काम मागून घेतो. मंडळींना वाटतं, रोखपालाला रांगेची सवय आहे. असेलही. तिथं सगळ्या तऱ्हेची माणसं येतात. आपल्या गल्लीतली येतात, एमआयडीसीतले परप्रांतीय कामगार येतात, सिव्हिलमधल्या पेशंटचे नातेवाईक डबा घेऊन येतात. डबेवाल्यांना मी आधी सोडतो, त्यावरून रांगेत कुरकुर होते, ती ऐकून घेतो. गेल्या वर्षी तीन वाजून गेले होते, पाय भरून आले होते, आणि सवयीनं तोंडातून निघालंच, "चला, पुढचा!"

समोर एक लेकुरवाळी बाई डबा धरून उभी होती. हसली आणि म्हणाली, "बाबा, पुढचा कोण? मीच हाय की अजून."

मी तिचा डबा हातात घेतला आणि आत भरून आणायला गेलो.